भूक लागली की तुमचाही पारा चढतो का?

चिमणराणी: काल नवऱ्याशी कडाक्याचं भांडले, कपड्यांच्या चिमट्यांवरून! दुपारचे चार वाजले होते आणि सकाळच्या वाटीभर पोह्यांनंतर पोटात काही नव्हतं. वरण-भात जेवले आणि मुद्दाच आठवेना. आजी म्हणायची, "ती नाही, तिचं पोट बोलतंय." इंग्रजांनी 'हँग्री' (हंग्री अधिक अँग्री, म्हणजे भुकेनं चिडलेला) हा शब्द २०१८ साली ऑक्सफर्डच्या कोशात घातला, आजी त्यांच्या कितीतरी पुढे होती. तुमचे अनुभव आणि उपाय लिहा.

विरार_फास्ट: डबा एक वाजता, घरी पोचायला साडेआठ. लोकलमध्ये चौथ्या सीटवरून रोज कुणाशी तरी वाजायचंच. आता अंधेरी यायच्या आत मूठभर चणे-दाणे खातो. बिस्किटांनी भागत नाही, तासाभरात पुन्हा कावळे ओरडतात.

लेक_कोल्हापूरची: आमचे बाबा आयुष्यात कधी आवाज चढवून बोलले नाहीत. गेल्या वर्षी भाजीला उशीर झाला म्हणून ताट भिरकावलं. आई रडली, आम्ही म्हटलं वय झालं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी चिडले की वाद घालू नका, आधी साखर तपासा. तपासली, ५८! मधुमेहाची गोळी घ्यायची आणि जेवण लांबवायचं, असं चाललं होतं. साखर फार उतरली की शरीर ती वर आणायला अ‍ॅड्रिनलिन सोडतं, म्हणून हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं फिरतं. आता ७० च्या खाली दिसली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग जेवण. ताटाचा पोचा अजून आहे. बाबा त्याच ताटात जेवतात.

आळंदीचा_नाना: मला कोडं पडलंय. निर्जळी एकादशीला मी गाईसारखा शांत. पण द्वादशीला पान वाढायला दहा मिनिटं उशीर झाला की घर डोक्यावर घेतो.

चकलीचा_तुकडा: नाना, उपवास तुम्ही स्वतः धरता. उशीर दुसरं कुणीतरी करतं!

दोघांची_आई: शाळेतून आल्यावर पंधरा मिनिटं एकही प्रश्न नाही. आधी केळं किंवा तूप-गूळ-पोळी. आमच्याकडे हा कायदा आहे.

चिमणराणी: वाचता वाचता दीड वाजला. कणीक मळायचीय, आतून "अजून किती वेळ?" आलंय. उत्तर द्यायच्या आधी दाणे-गूळ तोंडात टाकते.