मदत हवी आहे : लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी, कुटाऐवजी काय वापरता?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. शेंगाची चटणी नाही असं आमच्याकडे एक जेवण होत नाही, आणि वांग्यापासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात कूट. माझ्या चार वर्षांच्या लेकीला नेमकी शेंगदाण्याचीच ॲलर्जी निघाली.

चिक्की खाल्ली की तिच्या तोंडाभोवती खाजायचं, आम्ही उष्णता म्हणून सोडून दिलं. गेल्या संकष्टीला तिनं साबुदाण्याची खिचडी खाल्ली, फार तर चार घास. दहा मिनिटांत ओठ सुजले, पाठभर गांधी उठल्या. अंगावर पित्त उठलं म्हणून सासूबाईंनी आमसुलाचं पाणी लावलं. मग उलटी झाली, आवाज घोगरा झाला आणि श्वासाला शिट्टी वाजायला लागली. दवाखान्यात मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा पोर मोकळा श्वास घ्यायला लागली. नंतरच्या त्वचेच्या आणि रक्ताच्या चाचणीतही शेंगदाणाच आला.

तेव्हापासून तिच्या ताटात कूट नाही. तरी पंधरा दिवसांनी नुसत्या खोबऱ्याच्या चटणीनं तोंड लाल झालं. मिक्सरचं भांडं उलटं करून बघितलं, तर पात्याखालच्या वायसरभोवती कुटाचा पिवळट थर बसलेला. आता तिचं भांडं वेगळं केलंय.

आईंना (सासूबाईंना) दूध पचत नाही, पण चहापुरतं चालतं. त्यामुळे त्यांना वाटतं की हेही तसंच, चिमूट-चिमूट दिलं की सवय होईल. त्यांचा नातीवर फार जीव आहे, म्हणून तोडून बोलवत नाही. दूध न पचणं म्हणजे आतड्यात दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज कमी पडतं, पोट फुगतं, जुलाब होतात, पण जिवावर बेतत नाही. ॲलर्जीत शरीर शेंगदाण्यातल्या प्रथिनावरच तुटून पडतं, तिथे कणही पुरतो. मला हे डॉक्टरांनी सांगितल्यावर पटलं, आईंना कसं पटवू?

शिवाय आम्ही लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरतो, ते चालेल का? बालवाडीत वाढदिवसाला लाडू-चिक्की वाटतात, तिथं काय करता? आणि उपासाला कुटाशिवाय खिचडी मोकळी होते का? ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी कृपया लिहा.

तिखटमीठ : ताई, घाण्याचं तेल आधी बंद करा. रिफाइंड तेलातून प्रथिन जवळजवळ सगळं निघून जातं, घाण्याच्या तेलात ते राहतं. आम्ही सरळ सूर्यफुलावर आलो. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. खिचडीत मी भाजलेलं सुकं खोबरं घालते. साबुदाणा पाण्यात बुडवून न ठेवता बेतानं भिजवला की मोकळी होते. भरल्या वांग्याला डाळवं भाजून, दळून. तीळ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, काही मुलांना दोन्ही सोसत नाहीत. बाहेरच्या पाकिटावर ॲलर्जीची ओळ वाचा, शेंगदाणा असेल तर ते लिहिणं बंधनकारक आहे. सुट्ट्या मिठाईवर काहीच लिहिलेलं नसतं, आणि स्वस्त काजूकतलीत शेंगदाणा असू शकतो.

माणदेशी : आईंना पुढच्या तपासणीला सोबत न्या. माझ्या आईला माझं पटलं नव्हतं, डॉक्टरांचं एका बैठकीत पटलं. बालवाडीत बाईंकडे तिच्यासाठी वेगळा खाऊचा डबा ठेवा आणि त्रास झाला तर काय करायचं ते मराठीत कागदावर लिहून द्या. श्वास लागला तर आधी ॲड्रेनलिन, ॲलर्जीच्या गोळीवर थांबायचं नाही. घरी कसं ठेवायचं आणि किती द्यायचं ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. आणि इंजेक्शननं बरं वाटलं तरी दवाखाना गाठाच, काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

धागाकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. तेलाचा डबा आजच शेजारी दिला. सोमवारी तपासणी आहे, आई येते म्हणाल्यात. डाळवं किती वाटी घेता तेवढं सांगाल का?

तिखटमीठ : पाव किलो वांग्याला अर्धी वाटी, वर थोडं खोबरं.