डिफेंडर पुरेसा आहे म्हणणाऱ्यांनी झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह धरलाय का?

कळफलक
काल या फोरमवर एका सदस्यानं लिहिलं: "विंडोज ११ असेल तर अँटीव्हायरसवर एक रुपया घालवू नका. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर आतच आहे, पुरे. विकत घेणारे दुकानदाराला पोसतात." खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. मला हे पटलेलं नाही.

डिफेंडर चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. विंडोज ८पासून तो आतच येतो आणि अँटीव्हायरस तपासणाऱ्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत पैसे मोजून घेतलेल्यांच्या पंगतीत बसतो. पण त्याची बरीचशी ताकद क्लाउडमध्ये, म्हणजे नेटवरच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे. तशाच एव्ही-कम्पॅरेटिव्हज या संस्थेच्या निकालांत 'ऑफलाइन'चा वेगळा रकाना असतो, तो वाचा. नेट काढलं की त्याची पकड चांगलीच सैल होते. ज्या घरात नेट म्हणजे कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट, तिथे पेनड्राइव्ह लावताना नेट चालू असेलच असं नाही. शिवाय मूळ सेटिंगमध्ये त्याच्या फुल स्कॅनमधून पेनड्राइव्ह वगळलेला असतो. घरात शाळा-कॉलेजची मुलं असतील तर पेनड्राइव्ह लावल्या लावल्या तपासणारा, विकतचा अँटीव्हायरस घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मदरबोर्ड
अहो, फुल स्कॅनमध्ये नसला म्हणून काय झालं? रिअल-टाइम प्रोटेक्शन फाइल उघडताक्षणी तपासतंच. आणि पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' म्हणायला किती वेळ लागतो?

खरा घोळ विकतचा घालतात. नव्या लॅपटॉपमध्ये आधीच कुणाची तरी ३० दिवसांची ट्रायल असते, तिच्यावर दुकानदार दुसऱ्या अँटीव्हायरसचा डबा चढवतो. दोघंही प्रत्येक फाइल अडवून तपासणार, मग वर्ड उघडायला मिनिट लागलं की दोष विंडोजला! ट्रायल संपते तरी ती जागेवरच. सगळ्यांनी आत्ता बघा: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. ज्याच्यापुढे 'ऑन' तोच तुमचा राखणदार. तिथे मुदत संपलेलं नाव दिसलं तर नुसतं अनइन्स्टॉल करून दरवेळी भागत नाही. त्या कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा, रीस्टार्ट करा आणि डिफेंडर परत 'ऑन' झाला का ते पाहा.

आणखी एक. डिफेंडरमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस, अडवण्यासाठी आहे. विकतचा टाकला की ते बंद पडतं. हे डब्यावर कुणी छापत नाही.

दुसरी बाजू
कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेसचं कौतुक करताय तर पुढचंही सांगा ना. ते चालू केलं की ओळखीचा नसलेला कुठलाही प्रोग्रॅम डॉक्युमेंट्समध्ये लिहू शकत नाही. जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर 'सेव्ह' म्हणतं आणि पडद्यावर येतं 'फाइल नॉट फाउंड'. व्हायरसचा उल्लेखही नाही. माणूस सॉफ्टवेअर पुन्हा टाकतो, मग विंडोज पुन्हा टाकतो. उपाय विंडोज सिक्युरिटीतल्या प्रोटेक्शन हिस्टरीत आहे: तिथे अडवलेल्या प्रोग्रॅमचं नाव दिसतं, त्याला 'अलाउ'मध्ये घालायचं. हे घरातल्या आजोबांनी करायचं का?

रात्रपाळी
तुम्ही दोघं नव्या मशिनवर बोलताय. ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेले कितीतरी कॉम्प्युटर अजून घराघरांत आहेत. तिथे डिफेंडरचा स्कॅन सुरू झाला की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. विकतचा टाकलात तरी तेच. त्या पैशात छोटी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका, अँटीव्हायरसची निवड नंतर करा.

आणि विंडोज १०वाल्यांनो, १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. डिफेंडरच्या व्याख्या (नवे व्हायरस ओळखायच्या याद्या) पुढेही येत राहतील, मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२८पर्यंत म्हटलंय, म्हणून निश्चिंत राहू नका. व्याख्या आल्या तरी विंडोजमधली भोकं बुजत नाहीत. वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आठवा. भोक बुजवणारा पॅच मार्च २०१७मध्ये आला होता, हल्ला मेमध्ये झाला. ज्यांनी अपडेट अडवून ठेवले होते त्यांचीच मशिन्स मुख्यतः गेली.

सोलापूरकर
पेनड्राइव्हचा विषय निघालाच आहे तर तो नीट होऊ द्या, कारण इथल्या निम्म्या लोकांचा व्हायरस म्हणजे तोच शॉर्टकटवाला. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणलं की ड्राइव्हमध्ये फायली गायब आणि ड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट. लोक घाबरून फॉरमॅट करतात. फायली गेलेल्या नसतात! त्यांना हिडन आणि सिस्टिम असे दोन शिक्के मारून, बऱ्याचदा नाव कोरं असलेल्या फोल्डरमध्ये ढकललेलं असतं. शॉर्टकट दाबला की मागे व्हायरसची स्क्रिप्ट चालते आणि पुढे तेच फोल्डर उघडतं, म्हणून कुणाला शंका येत नाही.

शॉर्टकट दाबू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडा, ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन टाकून एंटर. मग अ‍ॅट्रिब (attrib) लिहून, मध्ये जागा सोडत, वजा एच, वजा आर, वजा एस, त्यानंतर स्लॅश एस, स्लॅश डी. फायली दिसू लागतील. त्या बाहेर काढा, शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट फाइल उडवा, मगच फॉरमॅट. साफ केलेला ड्राइव्ह घरच्या मशिनला लावताच पुन्हा शॉर्टकट उगवला, तर रोग घरात शिरलाय. अशा वेळी डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. मशिन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण १५ मिनिटं.

मदरबोर्ड
हे उत्तम. पण यात विकतच्या अँटीव्हायरसची गरज कुठे सिद्ध झाली? पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना एनटीएफएस हा प्रकार निवडा, मुळाशी (ड्राइव्ह उघडताच दिसतं त्या पहिल्या पातळीवर) लिहिण्याची परवानगी काढा, आत एकच फोल्डर लिहिण्यासाठी मोकळं ठेवा. असले साधे किडे मुळातच शॉर्टकट टाकायला बघतात, तिथेच अडतात.

कळफलक
आणि ही परवानगी कोण काढणार? दहावीतली मुलगी, प्रोजेक्टची प्रिंट काढायला जाण्याआधी? तुमचा प्रत्येक उपाय तुमच्यासारख्या माणसाच्या घरीच चालतो, मदरबोर्ड. मी विचारतोय ते ज्या घरात असा माणूस नाही त्याचं.

मदरबोर्ड
त्या घरात क्रॅक (चोरीचं) सॉफ्टवेअरही असतं, त्यावर का बोलत नाही? विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणाऱ्या त्या फुकट टूलची पहिली अट असते 'अँटीव्हायरस बंद करा'. कितीतरी जण अख्खा सी ड्राइव्हच डिफेंडरच्या एक्सक्लुजनमध्ये, म्हणजे 'हे तपासू नकोस'च्या यादीत, घालतात. टूल काढून टाकलं तरी ते एक्सक्लुजन तसंच राहतं, आणि मग डिफेंडर तिकडे बघणारच नाही. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनच्या मॅनेज सेटिंग्जमध्ये खाली 'एक्सक्लुजन्स' आहे. यादी रिकामी हवी.

दुसरी बाजू
फुकटचं आणि विकतचं करताना 'फुकट अँटीव्हायरस' नावाचा तिसरा प्रकार विसरू नका. अवास्टनं आपल्या वापरकर्त्यांचा ब्राउजिंगचा डेटा जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकला. २०२०मध्ये ती बंद करावी लागली आणि २०२४मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. त्यापेक्षा डिफेंडर शंभर पटींनी बरा, हे मीही मानतो.

मदरबोर्ड
ठीक आहे. ज्या घरात रोज बाहेरचा पेनड्राइव्ह येतो, नेटचा भरवसा नाही आणि सेटिंग बघणारं कुणी नाही, तिथे लावल्या लावल्या तपासणारा विकतचा घ्या. पुण्याच्या क्विक हीलमध्ये ही सोय आहे, इतरांतही आहे. एवढ्यापुरतंच मान्य. पण आधीची ट्रायल मुळासकट काढूनच, आणि नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहूनच. मुदत संपलेला डबा डिफेंडरपेक्षा चांगला, हे मात्र मी कधीही मानणार नाही.

कळफलक
तसं मी म्हटलेलंच नाही. एक्सक्लुजन्सची यादी आत्ता उघडून पाहिली, रिकामी आहे. सोलापूरकर, ती अ‍ॅट्रिबची ओळ तुमच्या इथल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर चिकटवा.