मदत हवी आहे: टाकीची उंची किती धरू?

मंडळी, परसात विटांची पाण्याची टाकी बांधायची आहे, 500 लिटरची. जागा 3 फूट बाय 2 फूट. एक घनफूट म्हणजे साधारण 28.3 लिटर, म्हणून 500 ला 28.3 ने भागलं: 17.67 घनफूट. त्याला तळाच्या 6 चौरस फुटांनी भागलं, उंची आली 2 फूट 11 इंच. गवंडीही म्हणाला, तीन फूट पुरे.

पण लेक वहीतून डोकं वर काढून विचारते, "बाबा, 3 बाय 2 आतून की बाहेरून?" तिथेच अडलो. चार इंची भिंत दोन्हीकडून गेली की आत 28 बाय 16 इंचच उरतं, आणि उंची साडेपाच फुटांच्या वर! ती घासायला उतरणार कोण?

हिशेब बरोबर आहे ना? आणि प्लास्टरसाठी किती सोडू?