पाणी प्या, पण मोजून

वर एकांनी लिहिलंय की नागपूरच्या उकाड्यात लांबची शर्यत धावताना वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन ग्लास पाणी प्यायचंच, तहान लागो वा न लागो. हे अर्धंच पटलं. घामातून मीठही जातं, आणि वरून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटी ज्यांचं रक्त तपासलं, त्यांतल्या १३ टक्के धावपटूंचं सोडियम कमी निघालं. धावताना वजन वाढलेल्यांत आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांत हे प्रमाण अधिक होतं. म्हणजे आपल्यासारखे सावकाश धावणारेच की! पहिल्या फळीतल्यांना पाणी प्यायला सवड कुठे असते?

'धावण्याच्या ग्रुपचे लोक काय, फोटो काढायलाच' असाही एक सूर वरच्या चर्चेत दिसला. आमच्याकडे शर्यतीच्या वाटेवर फुटाळा तलावाजवळ ग्रुपमधली एक ताई स्कूटी लावून उभी असते. डिक्कीत लिंबाच्या फोडी, मिठाची पुडी, बर्फात बुडवलेले पंचे. गेल्या खेपेला आमचा एक गडी मळमळतंय म्हणत आला आणि पाणीच मागत होता. ताईने आधी त्याची अंगठी फिरवून पाहिली. बोटं सुजली होती, अंगठी हलेना, तेव्हा पाणीच जास्त झालंय अशी शंका तिला आली. तिने बाटली काढून घेतली, त्याला डॉक्टरांच्या तंबूपर्यंत चालवत नेलं आणि सकाळपासून किती पाणी पोटात गेलंय तेही सांगितलं. तो एकटा असता तर उन्हाचा त्रास समजून अजून दोन ग्लास रिचवले असते त्याने.