अंबडच्या सीएनसी मशिनवर वायफाय डोंगलचा ड्रायव्हर कंपाइल होत नाही

प्रश्न: अंबडकर

नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीत माझे लहानसे वर्कशॉप असून द्राक्षबागेच्या फवारणी यंत्रांचे पितळी नोझल आम्ही तयार करतो. जुन्या मिलिंग मशिनवर लिनक्ससीएनसी हे मशिन चालवणारे सॉफ्टवेअर बसवून घेतले आहे. संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे, आणि त्याचे एकुलते एक इथरनेट पोर्ट मशिनला जोडणाऱ्या मेसा कंपनीच्या कंट्रोल कार्डाने अडवलेले आहे. त्यामुळे पुतण्या वरच्या ऑफिसात जी-कोड (मशिनच्या हालचालींचा प्रोग्राम) तयार करतो, तो पेनड्राइव्हवर घालून दर वेळी जिना उतरून आणावा लागतो. कूलंटचे हात लागून आतापर्यंत दोन पेनड्राइव्ह वाया गेले.

म्हणून यूएसबी वायफाय डोंगल आणले. खोक्यावर ‘लिनक्सवर चालते’ असे छापलेले असून सोबतच्या सीडीत ड्रायव्हरचा (डोंगल चालवणाऱ्या प्रोग्रामचा) सोर्स कोड आहे. तो उलगडून कंपाइल करण्यासाठी (चालवण्याजोगा करण्यासाठी) ‘मेक’ हा आदेश दिला, की ‘बिल्ड’ नावाचे फोल्डर सापडत नाही अशी तक्रार करून काम तेथेच थांबते. कोणीतरी सुचवल्यावरून मोबाइलचे इंटरनेट यूएसबी केबलने जोडून ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेज टाकले, तरी तक्रार तीच. यात दोन संध्याकाळी गेल्या. चालू कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) नाव सांगणाऱ्या ‘युनेम -आर’चे उत्तर ६.१.०-१८-आरटी-एएमडी६४ असे येते आणि जोडलेली यूएसबी उपकरणे दाखवणाऱ्या ‘एलएसयूएसबी’मध्ये चिप बनवणाऱ्या रिअलटेकच्या नावासमोर ०बीडीए:१ए२बी हा क्रमांक दिसतो. मशिनची लेटन्सी (संगणकाच्या प्रतिसादाला होणारा उशीर) मोजून सगळे बसवलेले असल्याने कर्नलची पिढी बदलण्याची माझी इच्छा नाही.

उत्तर: गोदाकाठचा पेंग्विन

आपण दिलेल्या दोन ओळींतच दोन्ही अडचणी दडलेल्या आहेत. (आदेश येथे देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर ते अर्थातच रोमन लिपीत द्यावेत.)

पहिली अडचण ‘आरटी’ या दोन अक्षरांची. आपला कर्नल रिअल-टाइम, म्हणजे ठरल्या वेळेत काम करणारा आहे, आणि आपण हेडर (ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) टाकलेत ते साध्या कर्नलचे. ड्रायव्हर कंपाइल करताना ‘मेक’ चालू कर्नलचे नाव विचारून त्याच नावाच्या मॉड्यूल फोल्डरमधील ‘बिल्ड’ हा दुवा शोधते. तो दुवा हेडरच्या पॅकेजमधून येतो आणि आपल्याकडे तो भलत्याच कर्नलच्या नावाखाली तयार झालेला आहे. काही जण अशा वेळी दुवा हाताने जोडून देतात. कृपया तसे करू नये. दोन्ही कर्नल ६.१ असले तरी त्यांची अंतर्गत रचना वेगळी असते, आणि प्रत्येक मॉड्यूलवर (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरसारख्या भागावर) आपण कोणत्या कर्नलसाठी बनलो याचा शिक्का असतो. शिक्का जुळला नाही तर कर्नल ते मॉड्यूल दाराबाहेरच ठेवतो, आणि ते योग्यच आहे. आपण ‘लिनक्स-इमेज-आरटी-एएमडी६४’ आणि ‘लिनक्स-हेडर्स-आरटी-एएमडी६४’ ही दोन्ही पॅकेजे एकाच वेळी टाकून संगणक पुन्हा सुरू करावा. १८ या क्रमांकाचे हेडर डेबियनच्या भांडारातून गेलेले असण्याची शक्यता आहे, म्हणून दोन्ही एकदम घ्यायचे. कर्नल ६.१ याच मालिकेतला राहील, फक्त लेटन्सीची चाचणी एकदा पुन्हा घ्यावी.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. ०बीडीए:१ए२बी हा वायफाय चिपचा क्रमांकच नव्हे. ही डोंगले लावताक्षणी सीडी ड्राइव्हचे सोंग घेतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. फाइल मॅनेजरमध्ये एक नवी ‘सीडी’ दिसत असेल. ती इजेक्ट करावी किंवा ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज टाकावे. त्यानंतर पुन्हा ‘एलएसयूएसबी’ पाहिले की खरा क्रमांक कळेल. तो ०बीडीए:सी८११ आला तर चिप ८८२१सीयू आहे असे समजावे. त्याआधी कोणताही सोर्स कोड कंपाइल करणे म्हणजे रोग्याला न पाहता औषध देणे.

उत्तर: सातपूरचा जुना सिस्टिमवाला

चिप ८८२१सीयूच निघाली, तर आपले नशीब एका पायरीने हुकले असे म्हणावे लागेल. या चिपचा ड्रायव्हर फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ६.२ या कर्नलमध्येच समाविष्ट झाला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ ने दीर्घकाळ सांभाळला जाणारा ६.१ स्वीकारला. डेबियन १३ मध्ये कर्नल ६.१२ आहे, तेथे कंपाइल करण्याची गरजच उरत नाही. आपल्याला कर्नल बदलायचा नाही, हे मी समजू शकतो.

सीडीतील कोडवर मात्र वेळ घालवू नये. चिप बनवणारे लोक एकदा कोड देऊन मोकळे होतात, कर्नलमधील वायरलेसची फंक्शन्स आणि त्यांचे आर्ग्युमेंट मात्र बदलत राहतात, त्यामुळे जुना कोड नव्या कर्नलवर चुकांचा पाऊस पाडतो. गिटहबवर याच चिपसाठी लोकांनी चालू ठेवलेला कोड मिळतो, ६.१ वर तो चालत असल्याचा उल्लेख पाहून घ्यावा आणि थेट ‘मेक इन्स्टॉल’ न करता डीकेएमएस (कर्नल बदलला की ड्रायव्हर आपोआप पुन्हा कंपाइल करणारी व्यवस्था) मार्फतच बसवावा. नाहीतर सुरक्षेच्या अद्ययावतीकरणात कर्नल बदलला, की दुसऱ्या दिवशी सकाळी वायफाय गायब.

माझे प्रामाणिक मत विचाराल, तर ड्रायव्हरच्या वाटेला जाऊच नये. दुसरे इथरनेट कार्ड लावून एखादा जुना राउटर क्लायंट मोडमध्ये जोडला, तर काहीही कंपाइल करावे लागणार नाही.

अंबडकर

दोघांचेही आभार. संगणक मिनी पीसी असल्याने दुसरे कार्ड लावण्यास जागा नाही, म्हणून कंपाइलचाच मार्ग धरला. सीडी इजेक्ट करताच क्रमांक सी८११ झाला! आरटीचे हेडर टाकून संगणक पुन्हा सुरू केला आणि गिटहबवरील कोड डीकेएमएसमधून विनातक्रार कंपाइल झाला. परंतु ड्रायव्हर कर्नलमध्ये चढवणारा ‘मॉडप्रोब’ हा आदेश दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर आले. आता ही कोणती किल्ली?

गोदाकाठचा पेंग्विन

ही सिक्युअर बूटची किल्ली. डेबियनच्या स्वाक्षरीची मॉड्यूल्स तो आत घेतो, आपण घरी बनवलेले मात्र अनोळखी मानतो. डीकेएमएसने कंपाइल करताना स्वतःची किल्ली तयार करून मॉड्यूलवर स्वाक्षरी केलेली असते. ती किल्ली ‘मॉकयुटिल’ या आदेशाच्या ‘इम्पोर्ट’ने नोंदवावी लागते. किल्लीची फाइल ‘व्हार’मधील ‘लिब’, त्यातील ‘डीकेएमएस’ या फोल्डरमध्ये ‘मॉक.पब’ या नावाने असते. नोंदवताना एक तात्पुरता पासवर्ड विचारला जातो. संगणक पुन्हा सुरू होताना निळा पडदा येईल, तेथे ‘एन्रोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यावा. पडदा थोडाच वेळ थांबतो, म्हणून त्या वेळी चहाला जाऊ नये. बायोसमधून सिक्युअर बूट बंद करणे हा सोपा मार्ग आहेच, पण किल्ली एकदा नोंदवली की पुढच्या प्रत्येक कंपाइललाही तीच चालते.

सातपूरचा जुना सिस्टिमवाला

एक गोष्ट वेळीच तपासावी. मेसाच्या कार्डाचा पत्ता १९२.१६८.१.१२१ ठेवलेला असेल आणि वरच्या राउटरचे जाळेही १९२.१६८.१ चे असेल, तर वायफाय जोडताच कार्डाकडे जाणारी माहितीची पाकिटे भलत्या वाटेने निघतील आणि मशिन अडकेल. कार्ड जंपर (कार्डावरची छोटी जोडपट्टी) बदलून १०.१०.१०.१० वर न्यावे आणि संगणकाच्या इथरनेटला १०.१०.१० मधलाच दुसरा पत्ता द्यावा. लेटन्सीची चाचणी मोठी फाइल वायफायने उतरत असतानाच घ्यावी, रिकाम्या वेळी नव्हे.

अंबडकर

पहिल्या वेळी निळा पडदा निसटलाच, कारण वीज गेली; दुसऱ्या वेळी किल्ली नोंदवली गेली आणि डोंगलचा दिवा लागला. पत्त्यांचा इशारा तर वेळेवर मिळाला, कारण दोन्हीकडे खरोखरच १९२.१६८.१ होते. कार्ड १०.१०.१०.१० वर नेले. लेटन्सी पूर्वी जास्तीत जास्त ३८ मायक्रोसेकंद येत असे, फाइल उतरत असताना ती ६१ पर्यंत गेली. माझा सर्व्हो थ्रेड (मशिनच्या हालचालींचा हिशेब ठरावीक काळाने करणारा भाग) १ मिलिसेकंदाचा असल्याने हे चालण्यासारखे आहे, तरीही कटिंग सुरू असताना वायफाय बंद ठेवण्याची सूचना मी कंट्रोल पॅनेलवर चिकटवली आहे. आज सकाळी पुतण्याने वरूनच नोझलच्या झाकणाचा प्रोग्राम पाठवला आणि तो बरोबर पोहोचला की नाही हे पाहायला तो जिना उतरून खाली आला.