छोट्या शाळेत पोरं मागे राहत नाहीत, गाडी चुकते

खेड्यातल्या छोट्या हायस्कुलात अभ्यासाशिवाय काहीच घडत नाही, हे अनेकांचं मत मला अजिबात पटत नाही. भोर-मुळशीकडच्या शाळांत पट कमी, म्हणून कबड्डीच्या संघातली मुलगीच स्नेहसंमेलनातल्या नाटकात असते आणि विज्ञान प्रदर्शनात प्रतिकृतीही तीच मांडते. पुण्यातल्या मोठ्या शाळेत तिला संघात जागा मिळेपर्यंत दहावी उजाडली असती!

खरी अडचण एसटीची. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना पास मोफत आहे, पण शाळा सुटल्यासुटल्या शेवटची गाडी निघणार असेल तर सराव करायचा कधी? मग परिपाठाआधी मैदानावर यायचं, नाहीतर मधल्या सुट्टीत डबा घाईनं संपवायचा. वेळापत्रकासाठी पालकांनी मिळून आगारात अर्ज द्यायलाच हवा.

आठवीत मूल असेल तर एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं जरूर विचारा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आणि इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण आहेत. शाळेत कलाशिक्षक नसतील तर शेजारच्या गावचे सर शनिवारी येतील का, हे मुख्याध्यापकांना विचारून बघा.