बारापैकी नऊ 'लागले' म्हणे! डॉकिंगवाल्यांना एका प्लेट भरणारीचं उत्तर

अर्धापिपेट:
'संगणकमित्र' यांची कालची पोस्ट वाचल्यापासून डोकं फिरलंय. डीएनए दुरुस्त करणाऱ्या एपीई1 या एन्झाइमच्या स्फटिकरचनेवर लाखो रेणू डॉक केले, म्हणजे संगणकावरच बसवून पाहिले, वरचे 12 मागवले, त्यातले 9 एन्झाइम अडवतात. आणि वर टोमणा: "प्लेटा भरणाऱ्यांनी आता दुसरा धंदा बघावा."

मी प्लेटाच भरते: प्लेटेतल्या एकेका इवल्या वाटीत, म्हणजे वेलमध्ये, एकेक रेणू टाकून बघते. 12 पैकी 9 ऐकून मला धडकी भरली. एवढे लागतात तेव्हा बहुतेक वेळा चाचणी फसलेली असते. चाचणी तीच ना? दुहेरी डीएनए, एका धाग्याच्या टोकाला चमकणारा फ्लुओरोफोर, समोरच्या धाग्यावर ती चमक दाबणारा क्वेंचर, मध्ये बेस गळाल्याची नकली जागा. एन्झाइमने कापलं की तुकडा सुटतो आणि वेल उजळते. अंधारी राहिली की आपण हिट हिट म्हणून नाचतो. पण अंधार पडायला एन्झाइमच बंद पडलं पाहिजे असं थोडंच आहे? रेणू स्वतःच प्रकाश गिळतो, एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम पळवतो, गोळे होऊन एन्झाइमला गुंडाळतो, नाहीतर सरळ डीएनएच्या पायऱ्यांमध्ये जाऊन बसतो.

माझ्याकडे एक नारिंगी पावडर होती. आयसी-50, म्हणजे एन्झाइम निम्मं अडवायला लागणारं प्रमाण, आली 2 मायक्रोमोलर. आठ महिने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. एका संध्याकाळी निव्वळ कंटाळा आला म्हणून इको-आर-वन या डीएनए कापणाऱ्या जिवाणूच्या एन्झाइमच्या वेलमध्ये टाकली. त्या बिचाऱ्याचा दुरुस्तीशी काय संबंध? तेही बंद! मग थायाझोल ऑरेंज हा डीएनएला चिकटणारा रंग डीएनएवर बसवून बघितलं, पावडरीने त्याला हुसकावून लावलं. म्हणजे आठ महिने मी डीएनएला चिकटणारा रंग 'इनहिबिटर', म्हणजे एन्झाइम अडवणारा, म्हणून मिरवत होते. गाइडला सांगितलं तर म्हणाले, "इको-आर-वनचं पेपरात नको घालू."

संगणकमित्र:
टोमणा मागे घेतो, मुद्दा नाही. ओलॅपॅरिब हे कॅन्सरचं औषध कसं चालतं? पार्प या दुसऱ्या दुरुस्ती-एन्झाइममध्ये, त्याला लागणाऱ्या एनएडी रेणूचा निकोटिनामाइडवाला भाग जिथे बसतो त्याच खाचेत. जुनं 3-अमिनोबेंझामाइडही तिथेच. रचना बघून रेणू घडवता येतो हे पार्पने दाखवलंय. तुमची पावडर फसली म्हणून संगणक खोटा?

बेंझीनकडी:
पार्पचं सर्टिफिकेट एपीई1ला चालत नाही हो. पार्पला खोल, नीटस खाच आहे. एपीई1ची जागा उघडी, धनभारित, डीएनएचा फॉस्फेट कणा पकडायला बनलेली. तिथे डॉकिंगला ऋणभाराचं काहीही दिलं तरी स्कोअर झकास येतो. तुमच्या 9 पैकी ऋणभारवाली कार्बोक्झिलिक आम्लं किती? पेशीच्या पटलातून आत कशी शिरणार ती?

संगणकमित्र:
सात. पुढे?

बेंझीनकडी:
पुढे काही नाही. झालं.

जुना_खोडरबर:
माझा साधा नियम: रंगीत दिसलं की फेका. 2010 साली बेल आणि हॉलोवे यांनी चाचण्यांना फसवणाऱ्या त्रासदायक रचनांची यादीच दिलीय, तरी दरवर्षी कोणीतरी त्यातलंच रोडॅनीन घेऊन 'नवा इनहिबिटर' म्हणून येतंच. आमच्याकडच्या एका पोराने त्यावर पीएचडी केली. आता तो विमा विकतो आणि सुखी आहे.

तांबडाबिंदू:
रंगीत दिसलं की फेका?? मग डॉक्सोरुबिसिनही फेकलं असतंत. लालभडक आहे, डीएनएतच घुसतं, आणि कित्येक दशकं कॅन्सरवर देतात.

जुना_खोडरबर:
डॉक्सोरुबिसिन डीएनएत घुसतं हे उघड आहे. ते दुरुस्ती-एन्झाइमचा 'निवडक इनहिबिटर' म्हणून कोणी खपवलेलं नाही. वाद घालण्याआधी वाचत जा.

तांबडाबिंदू:
वाचलंय. रिफाम्पिसिन घ्या मग! तेही लाल, आणि थेट जिवाणूंच्या आरएनए पॉलिमरेजवर बसतं, डीएनएवर नाही. तुमच्या नियमाने क्षयाचं औषध कचऱ्यात गेलं असतं. रंग बघून माणसं वगळू नयेत म्हणतात, तुम्ही रेणू वगळताय.

अर्धापिपेट:
अहो, रंगाचा वाद कुठून काढलात? मी नारिंगी म्हटलं म्हणून? फेकू नका, तपासा एवढंच म्हणणं आहे.

जुना_खोडरबर:
तपासायला वेळ लागतो. मला 40 हजार वेल बघायच्या असतात. रिफाम्पिसिन एखादंच, कचरा शेकड्याने. आणि प्रथिनांशी रासायनिक बंध करून चिकटणारे रेणूही फेकतो, आधीच सांगून ठेवतो.

तांबडाबिंदू:
मग डब्ल्यूआरएनचंही ऐका, डीएनएचे धागे उलगडणारं हेलिकेज एन्झाइम आहे ते. मायक्रोसॅटेलाइट-अस्थिर, म्हणजे डीएनएच्या पुनरावृत्तीच्या पट्ट्यांत चुका साचलेल्या, कॅन्सरच्या गाठी त्या हेलिकेजवर तगतात हे 2019ला कळलं. 2024 साली छापून आलेलं व्हीव्हीडी-133214 हे इनहिबिटर त्याच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला सहसंयुजी बंधाने चिकटतं. चिकटतं! तुम्ही तर पहिल्याच दिवशी बादलीत टाकलं असतंत.

जुना_खोडरबर:
एक उदाहरण मान्य. एकच.

शंकासूर:
रंगपंचमी संपली असेल तर बोलू का? अर्धापिपेटताई, तुम्हीही आयसी-50च्या आरत्या ओवाळू नका. व्हेलिपॅरिब हे दुसरं इनहिबिटर पार्पला ओलॅपॅरिबच्या तोडीने अडवतं, पण पेशी मारण्यात फार मागे. का? मारतो तो सापळा: पार्प1 डीएनएवर अडकून पडतं, हे 2012ला दाखवलं गेलं. ज्या पेशीत पार्प1च नाही ती ओलॅपॅरिबला दाद देत नाही. तुमच्या चमकणाऱ्या वेलमध्ये हे दिसलं असतं का?

अर्धापिपेट:
नसतं दिसलं. ठीक आहे, मानलं. पण पेशी मेली एवढ्यावरही भरवसा ठेवू नका. इनिपॅरिब आठवतंय? पार्प इनहिबिटर म्हणून रुग्णांवरच्या चाचण्यांच्या थेट तिसऱ्या टप्प्यात नेलं, 2011ला आपटलं, आणि मागाहून कळलं की ते पार्पला धड अडवतच नव्हतं. दोष मात्र सगळ्या पार्प इनहिबिटरांना लागला. ओलॅपॅरिबला मंजुरी मिळायला 2014चा डिसेंबर उजाडला. एक साधी तपासणी वेळेवर झाली असती तर? म्हणून इको-आर-वन. म्हणून मी चिडते.

बेंझीनकडी:
संगणकमित्र गप्प का?

संगणकमित्र (चार दिवसांनी):
गप्प नव्हतो, पिपेट धरायला शिकत होतो. रेणूंचे गोळे फोडायला 0.01 टक्के ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) घातलं, 9 चे 3 झाले. थायाझोल ऑरेंज केलं, 3 चा 1 झाला. प्लेटा भरणाऱ्यांचा विजय असो, समाधान झालं?

अर्धापिपेट:
अर्धं. उरलेल्याची आयसी-50?

संगणकमित्र:
40 मायक्रोमोलर.

अर्धापिपेट:
बाटलीतल्या पावडरीचा एनएमआर काढलात का स्वतः, रेणू तोच आहे का बघायला? की लेबलावर विश्वास?

संगणकमित्र:
लेबलावर. आणि हो, पावडर नारिंगी आहे.

जुना_खोडरबर:
😂 फेका.